धूर छतापर्यंत पोहोचण्याआधी

प्रति,
मा. संपादक,

विषय : मोठ्या वास्तूंमध्ये कॅमेऱ्यांच्या साह्याने धूर व ज्वाळा ओळखण्याबाबत

महोदय,

मोठी गोदामे, विमानांचे हँगर, कारखान्यांची उंच दालने अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या चित्रावरून धूर आणि ज्वाळा ओळखणाऱ्या यंत्रणेविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. विषय महत्त्वाचा आहे आणि त्याला जागा दिल्याबद्दल आपले आभार. मात्र आहेत त्याच सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना नवे सॉफ्टवेअर जोडले की काम भागते, असा जो सूर लेखात उमटला आहे, तो वाचून राहवले नाही. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणा बसवण्यात आणि त्यांची देखभाल करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे या कॅमेऱ्यांचे गुण मी पाहिले आहेत आणि त्यांच्या खोडीही मला ठाऊक आहेत.

आधी गुणांविषयी. साध्या खोलीत छताला लावलेला स्मोक डिटेक्टर चोख काम करतो, कारण छत जवळ असते आणि धुराला तिथे जाण्यावाचून पर्याय नसतो. पंधरा-वीस मीटर उंचीच्या दालनात हे गणित बिघडते. आग लहान असते तेव्हा तिचा धूर वर चढता चढता आजूबाजूची हवा ओढून घेतो, पातळ होतो, थंड होतो. आणि पत्र्याखाली उन्हाने तापलेल्या हवेचा थर साचलेला असेल, तर त्या थराखालीच अडकून आडवा पसरतो. ब्रिटनच्या बीएस 5839 या मानकात छतावरच्या साध्या स्मोक डिटेक्टरसाठी 10.5 मीटर उंचीची सर्वसाधारण मर्यादा घातलेली आहे, ती उगीच नव्हे. अशाच एका उंच दालनात चाचणीसाठी आम्ही जमिनीवर धुराची कांडी पेटवली होती. पांढरा दोरा सरळ वर गेला, साधारण दोन-तृतीयांश उंचीवर थबकला आणि चादर अंथरावी तसा पसरला. वरच्या डिटेक्टरचा दिवा नेहमीसारखा मिणमिणत राहिला. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने मात्र धूर माणसाच्या डोक्याच्या थोडा वर गेला असतानाच पडद्यावर त्याच्याभोवती चौकट काढली होती. अग्निसुरक्षेच्या गणितात जिला जलद वाढणारी आग म्हणतात, ती उष्णता बाहेर टाकण्याच्या वेगात सुमारे 150 सेकंदांत एक मेगावॉटपर्यंत पोहोचते आणि अतिजलद आगीला त्याच्या निम्माच वेळ लागतो. तेव्हा त्या चौकटीने वाचवलेली दोन-चार मिनिटे किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

पण हा कॅमेरा धूर हुंगत नाही, तो चित्रातला बदल मोजतो. मागच्या रॅकच्या कडा पुसट होऊ लागल्या, रंगांतला फरक मावळू लागला आणि तो पुसटपणा वर सरकत पसरू लागला, तर तो धूर असावा असा हिशेब सॉफ्टवेअर करते. ज्वाळेसाठी रंग आणि तेज यांच्या जोडीला तिचे फडफडणे पाहिले जाते, जे सेकंदाला साधारण दहा वेळांच्या आसपास असते. अलीकडच्या यंत्रणा हजारो चित्रांवरून शिकवलेल्या असतात, तरी मूळ अडचण तीच राहते, ती म्हणजे जे चित्रात दिसत नाही ते कळत नाही. काळोखात धूर दिसत नाही. कोऱ्या करड्या भिंतीसमोरचा करडा धूर जेमतेम दिसतो. रॅकच्या पोटात, खोक्यांच्या आड धुमसणारी आग तर बाहेर डोकावेपर्यंत कॅमेऱ्याच्या दृष्टीने नसतेच. हायड्रोजनची ज्वाळा दिवसाउजेडी साध्या कॅमेऱ्याला जवळजवळ अदृश्य असते, मेथॅनॉलची ज्वाळाही फिकट निळी असते. जिथे असे पदार्थ हाताळले जातात, तिथे त्या इंधनाला साजेसा अतिनील किंवा अवरक्त किरण ओळखणारा फ्लेम डिटेक्टर वेगळा बसवावा लागतो.

आता आहेत त्याच कॅमेऱ्यांविषयी. सुरक्षेचा कॅमेरा लावणाऱ्याला दरवाजा, गल्ली आणि माणसाचा चेहरा हवा असतो, म्हणून तो कॅमेरा खाली झुकवतो. धूर शोधणाऱ्या कॅमेऱ्याला नेमकी त्याच्या उलट, म्हणजे माल आणि छत यांच्यामधली रिकामी जागा पाहायची असते, जिथे चोरी पकडण्याजोगे काहीही नसते. शिवाय गरगर फिरणारा आणि जवळ-दूर करणारा कॅमेरा या कामाला चालत नाही, कारण बदल मोजायचा तर चौकट स्थिर हवी. विजेचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या एनएफपीए 72 या संहितेनुसार आगीच्या सूचना यंत्रणेला मुख्य वीज गेल्यावर 24 तास तग धरून वर पाच मिनिटे अलार्म वाजवता आला पाहिजे. किती ठिकाणी सीसीटीव्हीचा नेटवर्क स्विच, म्हणजे कॅमेऱ्यांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी, आणि सर्व्हर या कसोटीला उतरतील? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो स्विच एखाद्या कपाटात, साध्या प्लगवर चालत असे. याच संहितेने 2007 च्या आवृत्तीपासून कॅमेऱ्याद्वारे होणाऱ्या अग्निशोधनाला मान्यता दिली आहे, परंतु त्यासाठी हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही या कामासाठी तपासून प्रमाणित केलेले असावे, अशी अट घातली आहे. बाजारात मात्र सॉफ्टवेअर विकणारा कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो आणि कॅमेरा विकणारा सॉफ्टवेअरकडे.

खोट्या अलार्मचा अनुभव सांगतो. एका मोठ्या गोदामात रोज रात्री दोनच्या सुमारास एकच कॅमेरा धुराची सूचना देत असे. चार रात्री जागून पाहिल्यावर कळले, की कॅमेऱ्याच्या रात्रीच्या अवरक्त दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी आला आहे आणि त्याचे जाळे वाऱ्याने हलले की पडद्यावर पांढरा पडदा लहरतो. काचेवरून फडके फिरवून प्रश्न सुटला, पण तोवर तिथल्या रखवालदारांनी त्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करून टाकला होता आणि त्यांना दोष देणेही जिवावर आले. फोर्कलिफ्टचा धूर, धूळ, वाफ, वेल्डिंगच्या ठिणग्या, फिरता पिवळा दिवा, अंगावरचे नारिंगी जॅकेट, काचेतून आत आलेली उन्हाची तिरीप, ही सारी मंडळी तशीच छळतात. यावर उपाय म्हणून चित्रातला तेवढा भाग झाकून ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. तिचा वापर फार जपून झाला पाहिजे. एका ठिकाणी दुरुस्तीच्या वेल्डिंगपुरता झाकलेला कोपरा सात महिने तसाच झाकलेला मला सापडला आणि त्याच कोपऱ्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावलेल्या असत.

राहिला प्रश्न सूचना कोणाकडे जाते याचा. ती केवळ सुरक्षाकक्षातल्या पडद्यावर जात असेल, तर सारी भिस्त पुन्हा माणसाच्या डोळ्यांवर येते. रडार पाहणाऱ्यांच्या कामाच्या संदर्भात मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केलेले आणि 1948 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. क्वचित घडणाऱ्या खुणेसाठी टक लावून बसलेल्या माणसाची सावधता पहिल्या अर्ध्या तासातच लक्षणीय घसरते, असे त्यांत दिसले. म्हणून कॅमेऱ्याची सूचना थेट फायर पॅनेलला, म्हणजे अलार्म वाजवणाऱ्या मुख्य नियंत्रण पेटीला, गेली पाहिजे आणि पडद्यावरचे चित्र खातरजमेसाठी असले पाहिजे. त्या चित्राचे मोल मी कमी लेखत नाही. 15 एप्रिल 2019 रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा अलार्म वाजला होता; पण पाहणीसाठी गेलेला रक्षक चुकीच्या इमारतीच्या माळ्यावर पोहोचला आणि सुमारे अर्धा तास हातचा गेला. सूचनेसोबत जागेचे चित्रही समोर आले, तर अशी धावाधाव चुकीच्या दिशेने होण्याची शक्यता बरीच कमी होते. अर्थात तो माळा काळोखा असेल तर कॅमेऱ्यापुढेही काळोखच.

या सगळ्यावरून मी कॅमेऱ्यांच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. टर्बाइनचे दालन, बोगदा, कचऱ्याच्या पुनर्वापराचे केंद्र, कोळशाचा वाहक पट्टा अशा ठिकाणी ते बसवावेत असे माझे स्पष्ट मत आहे. आक्षेप आहे तो कॅमेरे आले म्हणून आरपार किरण सोडणारे बीम डिटेक्टर, नळ्यांतून हवा ओढून तपासणारी यंत्रणा किंवा स्प्रिंकलर यांवरचा खर्च वाचवण्याच्या कल्पनेला. यंत्रणा ताब्यात घेताना विक्रेत्याच्या संगणकावरची चित्रफीत पाहून सही करण्याऐवजी त्याच जागी, रॅक मालाने भरलेले असताना खरा धूर सोडून चाचणी घ्यावी, तीच रात्री दिवे मालवून पुन्हा घ्यावी आणि रॅकची मांडणी बदलली की ती परत करावी, असा करारच असावा. आपल्या लेखातील छायाचित्रात सगळे दिवे लागलेले, मधल्या वाटा मोकळ्या आणि रॅक अर्धे रिकामे दिसतात. ते दालन माल भरल्यावर आणि दिवे बंद झाल्यावर त्या कॅमेऱ्यांना कसे दिसते, हे आपल्या प्रतिनिधीने पुढच्या भेटीत पाहून छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तंत्रज्ञ