पेठेतली गटारं आणि पाचगावचे गुंठे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात सध्या दोन विषय निघाले की चहाच्या टपरीवरही तट पडतात. एक, अंबाबाई मंदिर परिसराचा सुमारे १४४५ कोटींचा आराखडा. दुसरा, हद्दवाढ. ‘पेठेत एवढा पैसा ओतताय, आमच्याकडं साधं गटार नाही,’ असं हद्दीबाहेरच्या मोरेवाडी-पाचगावची मंडळी म्हणतात. ‘आम्हालाच पाणी पुरेना, त्यात आणखी गावं कशाला घेताय,’ असं पेठेतले विचारतात. दोघांचंही खरं आहे. मात्र पेठेतला रुपया आणि उपनगरातला रुपया वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कामाला लागतो, हे कुणी मांडत नाही. पेठेत तो जमिनीखाली घालावा लागतो, उपनगरात घर उभं राहायच्या आधी. आपण नेमकं उलट करतोय, म्हणून हे पत्र.

महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची, आणि त्यानंतर हद्द एकदाही वाढलेली नाही. २०११ च्या जनगणनेत आत ५ लाख ४९ हजार माणसं होती. शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, गांधीनगर असं पसरत गेलं. २०१७ साली हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं नागरी विकास प्राधिकरण आलं. बांधकाम परवानगीचा शिक्का त्याच्याकडं, आणि नळ, गटार, दिवे, कचरा ग्रामपंचायतीकडं. म्हणजे चार मजल्यांचा नकाशा एकानं मंजूर करायचा आणि त्या चार मजल्यांचं सांडपाणी जाणार कुठं, हे दुसऱ्यानं बघायचं. ते जातं उतारानं. कळंबा तलावाच्या सांडव्याकडून येणारा ओढा पुढं जयंती नाला होतो. वरच्या अंगाच्या वसाहतींचं पाणी त्यातून शहरात येतं आणि तिथून उपसून कसबा बावड्याच्या, दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सांडपाणी केंद्राकडं न्यावं लागतं. हद्दवाढ होवो न होवो, त्या पंपांचं वीजबिल शहर आजही भरतंच आहे.

उपनगर वसवायची रीत या गावाला नवी नाही. शाहूपुरीची व्यापारी पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. राजारामपुरी राजाराम महाराजांच्या काळातली. तेव्हा ती गावाबाहेरची माळरानंच होती. पण आधी गल्ल्या आखल्या, त्यांना नंबर दिले, मग प्लॉट पडले. शंभरेक वर्षांनी आज राजारामपुरीत दवाखाने आहेत, क्लास आहेत, कपड्यांची दुकानं आहेत आणि सगळा भार त्या जुन्या आखणीवर निभावतोय. पार्किंगची बोंब आहे, कबूल. तरी आठव्या गल्लीतून नवव्या गल्लीत जायला कुणाच्या अंगणातून जावं लागत नाही. पाचगाव-उचगावकडं शेताचे गुंठे पडतात तेव्हा हेच राहून जातं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण ३३ बाय ३३. विकणारा आपल्या गटापुरता रस्ता सोडतो, शेजारच्या गटाचा रस्ता त्याला मिळतच नाही आणि दोन वसाहतींच्या मध्ये तारेचं कुंपण राहतं. असे गुंठे आणि त्यावरची घरं नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. मुदत वाढवत वाढवत ती डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. त्यानं घर कायदेशीर होतं, रस्ता रुंद होत नाही.

खर्चाचा फरक कागदावर काढून पाहा. पेठेतल्या १०० मीटर गल्लीत सहा-सहा मीटर दर्शनी रुंदीचे दोन्ही बाजूंना मिळून ३२ वाडे बसतात. प्रत्येकात तीन बिऱ्हाडं धरली तर शंभराच्या आसपास घरं. गुंठ्यांच्या वसाहतीत त्याच १०० मीटरला २० प्लॉट, आणि निम्मे गुंतवणूक म्हणून रिकामे असतील तर १० घरं. पाइप तेवढीच, चेंबर तेवढेच, दिव्याचे खांब तेवढेच. पेठेत तो खर्च शंभर जणांत वाटला जातो, तिकडं दहा जणांत. घरपट्टीचा दर किती ठेवायचा यावर सभेत रात्र रात्र भांडण होतं. एका मीटर पाइपवर किती घरं आहेत, हे कुणी विचारतही नाही.

यावरून पेठेतच पैसा घाला असं म्हणणं सोपं आहे. पण पेठेत तो कुठं जातो? बहुतेक वेळा वर. फरशी, दिव्यांचे नक्षीदार खांब, कमान. गल्लीचं खरं दुखणं जमिनीखाली आहे. जुन्या गल्ल्यांत घराघराच्या नळाची लोखंडी पाइप उघड्या गटारातून आडवी जाते. ती गंजते. पाणी सुरू असतं तोवर दाबामुळं बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की पाइपमध्ये पोकळी होते आणि गटारातलं पाणी भोकातून आत ओढलं जातं. काविळीची साथ एखाद्याच गल्लीत का येते, याचं उत्तर बहुधा इथं सापडतं. काळम्मावाडीहून ५० किलोमीटरपेक्षा लांबून थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत शहरात आली. एवढ्या लांबून आणलेलं पाणी शेवटच्या पंधरा फुटांत नासतंय.

गल्ली खोदायचीच असेल तर क्रम ठरलेला आहे, तो मोडला की पैसे दोनदा जातात. सगळ्यांत खाली ड्रेनेज. २०० मिलिमीटरच्या वाहिनीला किमान १ः२५० चा उतार लागतो, म्हणजे ३० मीटरला १२ सेंटीमीटर. तेवढा मिळाला नाही तर पाण्याला सेकंदाला ०.६ मीटरचा वेग येत नाही, गाळ बसतो आणि दर पंधरा दिवसांनी दाबानं पाणी मारून गाळ काढणारी जेटिंगची गाडी बोलवावी लागते. चेंबर दर ३० मीटरवर. पाण्याची पाइप गल्लीच्या दुसऱ्या कडेला आणि ड्रेनेजच्या माथ्यापासून निदान अर्धा मीटर वर. घरजोडण्या त्याच वेळी नव्या, गटाराच्या खालून किंवा वरून, पण आरपार कधीच नाही. मग केबलसाठी रिकामे डक्ट टाकून ठेवायचे, कारण ते टाकले नाहीत तर सहा महिन्यांत कुणीतरी नवी फरशी फोडणार. सगळ्याची पाणी भरून चाचणी झाली की माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी धुमस करत भरायची. ठेकेदार एका दमात चर बुजवतो, म्हणून पहिल्या पावसात मधोमध नाळ पडते. वाहनं जाणार असतील तर पेव्हर ८० मिलिमीटरचा हवा, पदपथाचा ६० चा चालत नाही. तो रिक्षाच्या चाकाखाली हलतो आणि कोपरे उडतात.

दोन गोष्टी पेठेत हमखास चुकतात. वाड्यांचे पाये दगड-मातीचे, फार खोल नसलेले. त्यांना लागून शंभर मीटर चर एकदम उघडला की भिंतीला तडे जातात. दहा-पंधरा मीटरचे तुकडे घेऊन, बाजूंना फळ्यांचा आधार देऊन, एक बुजवूनच पुढचा उघडावा लागतो. दुसरी चूक रस्त्याच्या पातळीची. दरवेळी जुन्या डांबरावर नवा थर चढतो आणि घराचे उंबरे रस्त्याखाली जातात. मग पावसाचं पाणी सोप्यात. निविदेत जुना थर खरवडून काढण्याचं काम स्वतंत्र लिहिलेलं नसेल तर ते होत नाही, हे ठेकेदारालाही माहीत असतं आणि इंजिनिअरलाही.

मंदिराभोवतीच्या आराखड्यात भूसंपादनाचा भाग मोठा आहे. भाविकांना मोकळी जागा हवी, यात वाद नाही. पण महाद्वार रोड, जोतिबा रोड, गुजरी, चप्पल लाइन यांना जी कळा आहे ती वरच्या मजल्यावर माणसं राहतात म्हणून. परगावचा भाविक दोन-तीन तास थांबतो आणि जोतिबा-पन्हाळ्याच्या वाटेला लागतो. रात्री नऊनंतर गल्ली जिवंत ठेवतो तो भाडेकरू, तालमीत येणारी पोरं, दळण घेऊन जाणारी बाई. त्यांना उठवायचं झालं तर पुनर्वसन चालत जाण्याच्या अंतरात व्हावं आणि किती कुटुंबं गेली, किती परत आली याचा आकडा कामासोबत जाहीर व्हावा. नुसतं मोकळं पटांगण मिळालं तर पुढच्या पिढीला हा भाग म्हणजे पार्किंगपासून दर्शनरांगेपर्यंतची वाट एवढाच माहीत असेल.

संपादनाबाहेरचे वाडेही ओस पडतातच. भाडं जुन्या कराराचं, दुरुस्ती त्यात भागत नाही. कौलं गळतात, वासे कुजतात आणि दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवून मोकळी होते. मालकाला पाडून बांधायचं म्हटलं तरी ६ बाय २५ मीटरच्या पट्टीत जमत नाही. जिना, लिफ्ट आणि बोळ यांतच मजल्यामागं वीस-पंचवीस चौरस मीटर जातात, गाड्यांना जागा उरतच नाही, आणि रस्ता अरुंद म्हणून मिळणारं बांधकामही कमी. तेच चार वाडे एकत्र आले तर ६०० चौरस मीटर होतात, जिना एक, लिफ्ट एक, तळमजल्यावर चौघांचीही दुकानं जिथल्या तिथं. चार भाऊबंदांना एका टेबलाशी बसवायला वकील नको, महापालिकेचा एक माणूस हवा. तो नगररचना विभागात नेमणं कमानीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

आगीचं वेगळं सांगायला नको. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, ते मोकळ्या खासबाग मैदानाला लागून असताना. दोन्ही कडांना मोटारसायकली लावलेल्या गल्लीत बंब शिरणार कसा?

कचेऱ्यांचंही बघायला हवं. जिल्हा न्यायालय बावड्याला गेलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवरच्या त्याच जुन्या इमारतीत सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचे पक्षकार तिथं येऊ लागले. झेरॉक्सवाला, टायपिस्ट, खानावळ, लॉज सगळ्यांना धंदा मिळाला. कायमची जागा शेंडा पार्कात ठरली आहे. तिथं वैद्यकीय महाविद्यालयाचाही विस्तार होतोय. जावं जरूर, पण जुनी इमारत रिकामी व्हायच्या आधी तिथं पुढं कोण येणार हे लेखी ठरलेलं असावं. आणि शेंडा पार्कला केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, किती मिनिटांनी, हेही.

केएमटीबद्दल थोडक्यात. गाड्या हद्दीबाहेरच्या गावांना जातात, तूट महापालिका सोसते आणि हद्दवाढीचं भांडण पेटलं की ‘बस बंद करू’ ही धमकी निघते. हिशोब करणं अवघड नाही. एका किलोमीटरचा खर्च वजा उत्पन्न, गुणिले त्या मार्गाचे किलोमीटर. ही रक्कम प्राधिकरणानं विकास शुल्कातून द्यावी. मंजूर झालेल्या १०० ई-बस रस्त्यावर धावू लागण्याआधी हा करार झाला नाही, तर नवी गाडी आणि जुनं भांडण.

आता हद्दवाढ. गावांची भीती खोटी नाही: शेतावर आरक्षण पडेल, घरपट्टी वाढेल, ग्रामपंचायत जाईल. त्यामुळं गावं घेण्याआधी आखणी घ्यावी, असं आमचं मत आहे. प्राधिकरणाला नगररचना योजना करता येते. जमिनी एकत्र करून रस्ते, बाग, शाळेची जागा काढायची आणि उरलेलं मालकांना आकारबद्ध प्लॉट म्हणून परत द्यायचं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं माण-म्हाळुंग्यात मालकांना ५० टक्के जमीन परत देण्याचं सूत्र धरलं. निम्मी गेली म्हणून ओरड होते, पण बाभळीत अडकलेल्या एकरापेक्षा १२ मीटर रस्त्यावरचा अर्धा एकर कधीही महाग. हे उघड्या शेतावरच जमतं. गुंठे पडून घरं झाली की कुठलाच कायदा राजारामपुरी करून देत नाही. म्हणून अजून पिकं उभी आहेत ते पट्टे आधी घ्यावेत. पाचगावच्या भरलेल्या भागात आता फक्त ड्रेनेज आणि दोन-तीन जोडरस्ते, एवढंच शक्य आहे.

पुराचं पाणी पसरतं त्या शिरोलीच्या बाजूला मात्र एक वीटही नको. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोन्ही वेळा महामार्ग बंद पडला. पूरनकाशावरच्या निळ्या रेषेच्या आत २५ वर्षांत एकदा येणारा पूर, लाल रेषेपर्यंत १०० वर्षांत एकदा येणारा. भराव टाकून प्लॉट उंच करता येतो, पण ते पाणी मग शाहूपुरीत, कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला जास्त चढतं. उपनगराच्या भरावाची किंमत पेठ मोजते, ती अशी.

आणि शहराची ओळख म्हणाल तर पाहुण्याला पहिल्यांदा अंबाबाईचं शिखर दिसत नाही, तावडे हॉटेलचा चौक दिसतो. तिथली जागा महापालिकेची की उचगावची, हा वाद जुना आहे. होर्डिंग मात्र दोन्हीकडं सारखीच.

मंदिर आराखड्याच्या कामाचं वेळापत्रक अजून लोकांसमोर गल्लीनिहाय आलेलं नाही असं दिसतं. ते छापावं: कुठली गल्ली, खाली काय टाकणार, कधी खोदणार, कधी बुजवणार. नवरात्र-दिवाळी सोडून खोदाई सुरू करायची आणि १५ मेपर्यंत शेवटचा चर बुजवायचा, एवढीच मुदत हाताशी असते. मेच्या अखेरीस वळवाचे दोन सपाटे आले की उघड्या चरात पाणी साचतं आणि वाड्याचा पाया सुटतो.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर