नातवाच्या शाळेविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमचा नातू प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत राहिला, तेव्हा आईचा आवाज जड झाल्याचे माझ्या लक्षात आले. त्याच्यादेखत सविस्तर बोलता येईना, म्हणून हे पत्र.

शाळेत तो अजून फारसा बोलत नाही, हे खरे आहे. मात्र भाषा अनोळखी असलेल्या वर्गात आलेली बरीच मुले काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, केवळ ऐकत असतात आणि त्या काळात त्यांचे शिकणे थांबलेले नसते. बाईंनी पुस्तक काढायला सांगितले, की पूर्वी तो आधी शेजारच्या मुलाच्या हाताकडे पाहायचा आणि मग दप्तर उघडायचा. आता सूचना ऐकूनच उघडतो. घरी खेळण्यातल्या गाड्या रांगेत उभ्या करून तो त्यांना बाईंच्याच सुरात, त्यांच्याच भाषेत दटावतो. ती वाक्ये त्याने वर्गात एकदाही उच्चारलेली नाहीत. दिवसभर कान टवकारून बसल्याने तो थकतो, हे मात्र दिसते. बुटाच्या नाडीची गाठ सुटली नाही एवढ्यावरून रडू कोसळते आणि अर्ध्या तासात तो विसरूनही जातो.

बाबा, तुम्ही गणिताचे विचारले होते. आकडेमोड त्याला सहज जमते, अडते ते शाब्दिक उदाहरणांपाशी. परवा वजाबाकीच्या जागी त्याने बेरीज केली होती; तेच उदाहरण मी मराठीत वाचून दाखवताच त्याने तोंडी उत्तर दिले. कॅनडातील भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते रोजचे बोलणे मुलांना साधारण 2 वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला 5 ते 7 वर्षे लागू शकतात. त्यामुळे उद्या तो फडाफडा बोलू लागला आणि तरीही गुण कमी पडले, तर तो आळशी झाला असे कृपया कुणी म्हणू नये. या फरकाने शिक्षकही फसतात.

घरीही इथलीच भाषा बोला, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. मला तो पटत नाही. मराठीत पक्क्या झालेल्या कल्पनांच्या आधारेच तो नवे समजून घेतो आहे, आणि आमच्या मोडक्यातोडक्या वाक्यांतून त्याला शिकण्यासारखे तरी काय मिळणार? बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारातील 29 व्या कलमातही मुलाच्या स्वतःच्या भाषेविषयी आदर जोपासणे हे शिक्षणाचे उद्दिष्ट मानले आहे.

म्हणून एक विनंती. ‘तिकडचे काहीतरी बोलून दाखव’ असा आग्रह नातेवाइकांनी धरला, की तो खोलीत निघून जातो. तेवढे तुम्ही थांबवा. ‘मित्र झाले का?’ हेही सध्या नको. मधल्या सुटीत तो मुलांबरोबर फुटबॉल खेळतो, गोल कुणी केला ते विचारा, मग पाहा कसा बोलतो. आणि बाबा, तुम्ही त्याच्याशी फोनवरून बुद्धिबळ खेळलात तर फार बरे होईल; पट त्याच्याकडे आहे. शाळेतून आल्या आल्या त्याला फोनवर बसवत नाही, रात्रीचे जेवण उरकले की मीच लावून देईन.

तुमची लेक