अर्थमंत्री महोदया, पोरांच्या कॉलेजच्या पैशाला वेगळा रकाना द्या

प्रति,
मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत पोस्टाची एजंट आहे, महिला प्रधान योजनेतली. गेली एकोणीस वर्षं गावभागापासून मार्केट यार्डापर्यंतच्या घरांतून आरडीचे हप्ते गोळा करते आणि पंधरा तारखेच्या आत पोस्टात भरते. कर सल्लागार वगैरे मी नाही. पण कुणाच्या घरात कशासाठी पैसा साठतोय आणि तो कधी मोडला जातोय, हे मला त्यांच्या भावकीच्या आधी कळतं. त्या भांडवलावर हे पत्र लिहिते आहे.

माझ्या पट्ट्यातले एक हायस्कूलचे सर आहेत. जुन्या करप्रणालीत होते तेव्हाचा त्यांचा हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण दर फेब्रुवारीत तो माझ्यासमोरच पेन्सिलीने मांडला जायचा. भविष्य निर्वाह निधीत महिन्याला ७,२०० म्हणजे वर्षाचे ८६,४००. एलआयसीचे हप्ते २४,०००. अशा बचतीचे वर्षाला दीड लाखापर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतात, त्यातून उरायचे ३९,६००. मग मार्च उजाडला की सर मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात बरोबर चाळीस हजार भरायचे. मुलगी कधी इंजिनिअरिंगला जाणार, किती लागणार, असला काही विचार त्यामागे नव्हता. शाळेच्या क्लार्कला पावती दाखवायची आहे, एवढाच विचार. पण त्या पावतीच्या धाकाने पोरीचे पैसे साठत होते. त्यांच्या शेजारच्या सरांचं घराचं कर्ज होतं. त्यांचा दीड लाख मुद्दलातच भरून जायचा, त्यांच्या मुलीच्या खात्याला काही उरत नसे.

ती दीड लाखाची मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरली, त्याआधी एक लाख होती. त्यानंतर सोनं कुठल्या कुठे गेलं, कॉलेजच्या फिया कुठल्या कुठे गेल्या, दीड लाख मात्र दीड लाखच. नव्या आयकर कायद्यात या वजावटीच्या ८०सी कलमाचा नंबर बदलून १२३ झाला, तेवढाच काय तो बदल.

आता सर नव्या करप्रणालीत आहेत. बारा लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला तर पावणेतेरा. सर खूष आहेत, आणि का नसावेत? मी इथे उगाच कुरकुर करणार नाही, लोकांच्या हातात पैसा राहिला ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त तिथे ती दीड लाखाची वजावट नाही, म्हणून आता फेब्रुवारीत पेन्सिल निघत नाही. गेल्या दोन मार्चमध्ये सुकन्येच्या खात्यात त्यांनी अडीचशे-अडीचशे रुपये भरले, खातं बंद पडू नये म्हणून. मधल्या काळात दारात हप्त्यावरची नवी गाडी आली. सर उधळे नाहीत हो. पण हातात आलेला पैसा आपोआप पोरांच्या नावाने बाजूला पडत नाही, त्याला काहीतरी निमित्त लागतं. आपण नव्या प्रणालीत ही सवलत ठेवली नाहीत तेव्हा कर सोपा झाला हे खरं, पण ते निमित्तही गेलं.

यार्डातल्या एका अडत दुकानातल्या दिवाणजींची गोष्ट वेगळी. त्यांना कर कधीच नव्हता, जुन्यात नाही आणि नव्यातही नाही. त्यांचा थोरला मुलगा. "ताई, पोरीसाठी सुकन्या, मग पोरासाठी काय?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मुलगा नववीत गेला होता. माझ्याकडे उत्तर एकच, आरडी. महिन्याला दोन हजारांची काढली. पाच वर्षांनी १ लाख ३९ हजार मिळतील, हे मीच त्यांना कार्डाच्या मागे लिहून दिलं होतं.

आता नववी, दहावी, अकरावी, बारावी ही वर्षं बोटावर मोजा. चार होतात. आरडी पाच वर्षांची. माझ्या ते त्या दिवशी लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. गेल्या वर्षी मुलाला कॅप राउंडमध्ये कॉलेज मिळालं. राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मी फी माफ, पण उरलेली निम्मी, हॉस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचा ॲडव्हान्स तीन दिवसांत भरायचा होता. दिवाणजी आरडीचं पासबुक घेऊन आले. तीन वर्षांनंतर आरडी मोडता येते, पण मोडली की ठरलेला ५.८ टक्क्यांचा दर जातो आणि बचत खात्याचे ४ टक्के हातात पडतात. ९६ हजार भरलेल्या माणसाला मी हे काउंटरसमोर उभं राहून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फॉर्मवर सही करताना पेन दोनदा झटकलं, तेवढंच. तरीही पैसे पुरले नाहीत. वहिनींच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारणाला गेल्या.

इथे कायद्याची एक गंमत सांगते. मुलासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, तर जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते आणि तिला वरची मर्यादाच नाही. सोनेतारणाच्या व्याजाला ती मिळत नाही, पतसंस्थेच्या कर्जाला मिळत नाही. आणि ज्याने कर्ज टाळण्यासाठी महिन्याला दोन-दोन हजार साठवले, त्याच्या आरडीला तर कुठल्याच कलमात जागा नाही. उलट तिचं व्याज करपात्र. मुलाच्या नावाने एफडी केली तरी व्याज बापाच्या किंवा आईच्या उत्पन्नात धरतात. जुन्या प्रणालीत त्यातून वर्षाला १,५०० रुपयांची सूट तरी आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. म्हणजे पोराच्या शिक्षणासाठी उसनवारी केली तर सरकार थोडी पाठ थोपटतं, साठवलं तर कर मागतं.

आपण म्हणाल, २०२४ मध्ये एनपीएस वात्सल्य, म्हणजे मुलांच्या नावाने पेन्शन खात्याची योजना, आणलीच की. आणली, आणि पुढच्या अर्थसंकल्पात तिला ५०,००० ची वजावटही दिली, तीही जुन्या प्रणालीतच. मी दोन घरांत ती समजावून सांगितली. दोन्ही घरांत एकच प्रश्न आला: अठरा व्हायच्या आत शिक्षणासाठी किती काढता येतात? भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, म्हटल्यावर विषय संपला. एका आजीबाईंनी तर हसून सांगितलं, "म्हणजे नातवाच्या म्हातारपणाची सोय झाली, कॉलेजची राहिली."

सुकन्येबद्दल माझी तक्रार नाही. ८.२ टक्के व्याज, तेही करमुक्त, असं दुसरं खातं माझ्या पिशवीत नाही. पण मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडलं तरच. आणि मुदत खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांची. नऊ वर्षांच्या मुलीचं उघडलं तर ती तिशीला पोचते. दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षं पुरी झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम निघते हे खरं, पण खात्याचा जीव लग्नाच्या वयाला बांधलेला आहे, ॲडमिशनच्या तारखेला नाही. मुलगा असेल तर हेही नाही.

माझी आतेबहीण शिकागोजवळ राहते. अमेरिकेत मुलांच्या शिक्षणासाठी ५२९ नावाचं खातं आहे, तिथल्या आयकर कायद्यातल्या त्याच नंबराच्या कलमावरून नाव पडलेलं, १९९६ पासूनचं. तिथलं केंद्र सरकार भरलेल्या पैशावर वजावट देत नाही, पण शिक्षणावर खर्च झाला तर वाढीवर कर नाही. त्यांचं इलिनॉय राज्य मात्र जोडप्याला वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत वजावट देतं. ऐकायला छान वाटतं. पण मी तिला विचारलं, ज्याला कर लागतच नाही त्याला काय मिळतं? ती म्हणाली, काहीच नाही.

म्हणून महोदया, मी नुसती वजावट मागत नाही. पन्नास हजारांची वजावट दिली, तर तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाचे पंधरा हजार वाचतात आणि वीस टक्क्यांवाल्याचे दहा हजार. दिवाणजींचे शून्य. कॅनडात दुसरी तऱ्हा आहे. तिथे आईबापांना वजावट मिळत नाही, पण मुलाच्या शिक्षणाच्या खात्यात वर्षाला अडीच हजार डॉलर भरले की सरकार त्यावर वीस टक्के, म्हणजे ५०० डॉलर, आपल्याकडून टाकतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा सरांची पेन्सिल आठवली. कर असो नसो, भरलं तर भर पडते, नाही भरलं तर पडत नाही. निमित्त म्हणतात ते हेच.

असं एक खातं आपल्याकडे काढा. मुलगा असो वा मुलगी, वय काही असो, बारावीच्या उन्हाळ्यात मोकळं होणारं. भरलेल्या रकमेवर सरकारने दहा टक्के टाकावेत, वरची मर्यादा हवी तर वर्षाला दोन हजारांची ठेवा. दिवाणजींना तेवढंही पुष्कळ आहे. ज्यांना कर लागतो त्यांना दीड लाखाच्या बाहेर, वेगळ्या रकान्यात, मुलामागे पन्नास हजारांची वजावट द्या, आणि ती नव्या प्रणालीतही द्या. नव्या प्रणालीत सवलतींना जागाच नाही असं नाही. कंपनीने नोकरदाराच्या एनपीएसमध्ये, म्हणजे पेन्शन खात्यात, भरलेल्या पैशाला तिथे आजही वजावट मिळते. म्हातारपणाला मिळते, तर कॉलेजला का नाही? ज्याला दहा टक्क्यांची भर मिळाली त्याला वजावट नको, एकच काहीतरी. आणि पैसे काढताना ॲडमिशनचं पत्र दाखवलं की रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात जावी, म्हणजे मध्ये कुणी गाडी घेणार नाही, सरसुद्धा नाही.

तिजोरीवर किती भार येईल, हे आपल्या खात्यातल्या लोकांनी काढावं. माझा हिशेब आरडीच्या कार्डाएवढाच आहे.

आपली,
सांगलीतील एक पोस्ट एजंट

ता. क. आरडीवर मला चार टक्के कमिशन मिळतं, सुकन्येवर काहीच मिळत नाही. नव्या खात्यावर दिलं नाहीत तरी मी ते उघडून देईन. दिवाणजींची धाकटी आता सातवीत आहे, सुकन्येचं वय टळलेलं. या वेळी मी त्यांना काही लिहून दिलेलं नाही.