शेवगा खा, पण लाल गोळी सोडू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत शेवग्याच्या पावडरीवर अर्धं पान आलंय. शेवगा चांगलाच, त्यात वाद नाही, आमच्या लातूरकडं बांधावर, परसात हे झाड असतंय आणि मूगडाळ, शेंगदाण्याचा कूट घालून केलेली पाल्याची भाजी भाकरीसोबत आम्ही लहानपणापासून खातोय. पण दुधाच्या 17 पट कॅल्शियम, पालकाच्या 25 पट लोह असं छापून तुम्ही शेवग्यालाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की राव! हा हिशेब वाळलेल्या पावडरीचा हाय, 100 ग्रॅम पावडर आणि समोर 100 ग्रॅम दूध, ज्यात बहुतेक पाणीच. रोज 100 ग्रॅम पावडर खातंय कोण? चमचाभर म्हणजे 5 ग्रॅम धरा, त्यात कॅल्शियम 100 मिलिग्रॅमच्या आसपास, कपभर दुधात त्याच्या दुप्पट मिळतंय.

माझं मेडिकल हाय म्हणून लिहायलोय. तुमचा लेख आल्यावर एक सासूबाई गरोदर सुनेला घेऊन आल्या, "लाल गोळीनं हिला मळमळायलंय, त्यापरीस शेवग्याची पावडर द्या, पेपरात आलंय." आता त्या सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतंय, वर फॉलिक अ‍ॅसिड, आणि चमचाभर पावडरीत दीड मिलिग्रॅम निघालं तरी पुष्कळ, तेबी पाल्यातलं लोह अंगाला कमीच लागतंय. म्हणलं मावशी, गोळी रात्री जेवण झाल्यावर द्या, त्याच्या मागंपुढं चहा नको, भाजीवर लिंबू पिळा, तरीबी त्रास झाला तर दवाखान्यात दाखवा पण गोळी बंद करू नका. सून बिचारी गप उभी होती.

दुसरं, लेखात पाला, साल, मूळ सगळं एकाच टोपलीत टाकलंय. पाला, फुलं, शेंगा जेवणातल्या. मूळ आणि साल मात्र घरच्या घरी काढा करून प्यायची चीज नाही, मुळाच्या सालीत विषारी घटक असतात, गरोदर बाईनं तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर पाला, पावडर एकदम वाढवू नका, त्यात व्हिटॅमिन के भरपूर, गोळीचा असर कमी होतो. शुगरवाल्यांनी गोळीसोबत रोज पावडर घ्यायच्या आधी डॉक्टरला सांगावं, साखर जास्तच उतरू शकते.

लेख अर्धं पान होता, हे निदान एका चौकटीत तरी छापा.

– एक मेडिकलवाला, औसा, जि. लातूर