सतरा वर्षांच्या बापाला कायदा कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते बघा, अल्पवयीन मुलगी गरोदर, अल्पवयीन मुलगा ताब्यात, गुन्हा दाखल. पुढं काय झालं ते कधी येत नाही. मी कळव्यात रिक्षा चालवतो, २२ वर्षं झाली, आणि अशाच चार ओळींतला एक पोरगा मला मामा म्हणतो. पुढचं मी बघतोय म्हणून लिहितोय.

पोरगा आयटीआयला फिटर करत होता, मुलगी चाळीतलीच, दोघांनाही सतरा पूर्ण. पाचव्या महिन्यात तिच्या आईला कळलं, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. सगळी चाळ डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत होती, पण त्यांनी नाही कळवलं तर त्यांच्यावरच केस होते, पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, तसं स्पष्ट आहे. १८ च्या आतल्या मुलीचा होकार कायदा धरतच नाही, प्रेम होतं म्हणा नाहीतर काहीही म्हणा. वर दिवस गेले की कलम आणखी मोठं लागतं, कमीत कमी २० वर्षं. हे ऐकलं आणि बहीण पोलीस स्टेशनच्या बाकावर मटकन बसली. नंतर कळलं की पोरगा १८ च्या आतला असेल तर केस बाल न्याय मंडळाकडे जाते आणि तिथं जास्तीत जास्त तीन वर्षं, पण १६ च्या वर असेल तर आधी मंडळ तपासतं की ह्याला आपण काय करतोय ते कळत होतं का, आणि त्यावर ठरतं की केस मोठ्या माणसासारखी चालवायची का नाही.

त्यात दाखल्याचा घोळ. पोरगा पहिलीला मुरबाडकडे आजीजवळ होता, गुरुजींनी जन्मतारीख टाकली १ जून. आपल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो तसा ह्याचा पण. खरा जन्म ऑक्टोबरचा, पण आधी शाळेचा दाखला धरतात, म्हणजे कागदावर पोरगा चार महिन्यांनी मोठा झाला. थोडक्यात वाचला, नाहीतर गुरुजींच्या एका सहीनं थेट मोठ्यांच्या कोर्टात गेला असता.

मग दोन्हीकडची वडीलधारी बसली. तोडगा काय तर लग्न लावून टाका, गावाकडे देवळात, दहा माणसांत. मी पण आधी हो म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू. पण मुलाचं वय २१ लागतं हो! मुलगी १८ ची झाली तरी हा अजून तीन वर्षं नवरा होऊ शकत नाही. लावून देणाऱ्यांना २००६ च्या बालविवाहबंदीच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, भटजी पण त्यात आला. आणि लग्नानं पोक्सो जात नाही, बायको १८ च्या आतली असली तरी तो गुन्हाच, सुप्रीम कोर्टानं २०१७ लाच सांगितलंय. तरी लोक लावतातच. माझ्या मुलीनं मोबाईलवर काढून दाखवलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं.

दुसरा तोडगा एका वकिलाचा. वीस हजार घेतले आणि म्हणाला जामीन झाला की पोराला गावी पाठवा, मूल आपलं नाहीच म्हणायचं. अहो डीएनए करतात, मूल कोणाचं ते कागदावर येणारच की!

पण मला लिहायचंय ते वेगळंच. ह्या सगळ्यात बाळ झालं, मुलगा झाला, आणि ह्या पोराला तू बाप आहेस असं कोणी म्हणालंच नाही. पोलिसांसाठी तो आरोपी, चाळीसाठी वाया गेलेला, बहिणीसाठी बिचारा. भिवंडीच्या रिमांड होममधून जामिनावर सुटला तेव्हा मी रिक्षा घेऊन आणायला गेलो होतो, कशेळीच्या पुलापर्यंत एक शब्द नाही आणि मग मागून विचारतो, मामा, दुधाच्या डब्याला किती पडतात? मला पण माहीत नव्हतं. बाळकुमला मेडिकलसमोर थांबलो, आत जाऊन किंमत विचारून आला, गप बसला.

आता तो एका गॅरेजला जातो, पहिल्या पगारातले पंधराशे बाजूला काढून ठेवलेत. द्यायचे कसे? जामिनाची अट आहे मुलीशी संपर्क नको. ठाण्याला कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं १८ च्या आतल्या मुलाला वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो, हे आम्हाला वीस हजार गेल्यावर समजलं. तिथल्या वकील मॅडमनी पहिल्यांदा त्याला समोर बसवून नीट सांगितलं. लग्न झालेलं नसलं तरी मुलाला बापाकडून पोटगीचा हक्क आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत १४४, तू कमवायला लागलास की बाळाच्या वतीनं ती मागता येते. बालविवाह लावला असता तर पोटगी तुझ्या आईबापाकडून पण मागता आली असती. (हे ऐकून भावजींनी देवळातलं लग्न मोडलं त्याचे देवाला आभार मानले.) आणि हक्काचं म्हणशील तर लग्नाशिवाय झालेल्या मुलाची पालक आधी आई, बाप तिच्यानंतर. बाळाला भेटायचं असेल तर कोर्टात मागता येतं, पण कोर्ट बाळाचं हित बघणार, तुझं नाही. पैसे परस्पर द्यायला जाऊ नकोस, आपण अर्ज करू. पोरगा वहीत लिहून घेत होता. नोकरीचं विचारलं तर म्हणाल्या मंडळानंच केस निकालात काढली तर दोषी ठरलास तरी त्यामुळे पुढं नोकरीला अपात्र ठरत नाहीस, मोठ्यांसारखी चालली तर गोष्ट वेगळी.

मी त्याला निर्दोष म्हणत नाही. मुलीची बारावी गेली, ती मावशीकडे घणसोलीला आहे, रात्रभर बाळ तीच सांभाळते, ह्याचं आयटीआय फक्त एक वर्ष मागं पडलं. माझं म्हणणं एवढंच की मुलींना शाळेत थोडंतरी सांगतात, मुलांना कोण काय सांगतं? नववीत, आयटीआयत, ज्युनियर कॉलेजात एक तास घ्या आणि नुसती पोक्सोची भीती घालू नका, पोटगी, लग्नाचं वय, डीएनए, बाप म्हणून काय देणं लागतो ते सगळं सांगा. आणि तुम्ही ती चार ओळींची बातमी छापता तेव्हा खाली मोफत वकिलाचा १५१०० आणि चाइल्डलाइनचा १०९८ एवढे दोन नंबर टाकत जा, जागा कितीशी लागते.

माझं नाव छापू नका. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोराचा फोटो फिरवणाऱ्यांना पण माहीत नव्हतं की मुलीसारखीच अशा मुलाची ओळख उघड करणं पण गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. ते कलम पेपरला पण लागतं.

आपला,
एक रिक्षावाला, कळवा