पालकमंत्री साहेब, मालकाला मोबदला मिळेल, पण गाळ्यातल्या भाडेकरूचं काय?

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी अंबाबाईच्या देवळासमोरच्या महाद्वार रोडवरचा कापड दुकानदार. साड्या, खण, नऊवारी लुगडी, आहेराचा माल असं आमचं काम. वडिलांनी पागडी देऊन हा गाळा घेतला, त्यांच्यानंतर मी बसतो. मे २०२५ ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला १४४५ कोटी मंजूर झाले, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि त्यात मी पण होतो. मंदिराभोवती जागा हवीच. नवरात्रात म्हाताऱ्या बायका उन्हात किती तास उभ्या असतात ते आम्ही रोज बघतो, पाण्याची बाटली आमच्याच दुकानातून जाते. तेव्हा हे पत्र विरोधाचं आहे असं कृपा करून समजू नका. पण त्या दिवसापासून या आराखड्यासाठी आजूबाजूच्या जागांच्या भूसंपादनाची चर्चा रोज कानावर येते आणि त्या चर्चेत घरमालक असतो, भाविक असतो, पार्किंग असतं, फक्त गाळ्यात बसलेला भाडेकरू दुकानदार कुठंच नसतो.

आमचा धंदा कसा चालतो ते थोडं सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कापडच विकायचंय ना, इथं नाही तर दुसरीकडं विका. तसं नाही हो ते. राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, तिकडं निपाणीपर्यंतची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरला येतात, पण त्यातली निम्मी बस्त्यासाठी नाही, आधी देवीसाठी येतात. दर्शन झालं की महाद्वारातून बाहेर पडतात आणि हातात प्रसादाची पुडी घेऊनच आमच्या पायरीवर चपला काढतात. पहिली साडी देवीच्या नावानं बाजूला ठेवायची, मग नवरीचा शालू, मग वरमाईची, मग आत्या, मावशी, करवल्या, शेवटी आहेराच्या वीस-पंचवीस. हे सगळं गादीवर बसून, चहा घेत, तीन-चार तास चालतं.

गेल्या लग्नसराईत एक आजी आल्या होत्या, भुदरगडाकडच्या असाव्यात. इरकली लुगडं घ्यायचं होतं त्यांना. काठ अंगठ्यानं चोळून बघितला, मग लुगडं उलटं करून मागची बाजू बघितली, मग पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर घासलं, रंग जातो का म्हणून. नातू शेजारी मोबाईलवर त्याच रंगाचं लुगडं दाखवत होता, दोनशे रुपये कमी. आजी म्हणाल्या, त्याला हात कसा लावू रे. त्यांनी दुकानातलंच घेतलं. ऑनलाईनच्या जमान्यात आमचं दुकान टिकलंय ते या हात लावण्यावर आणि देवळापासून चालत दोन मिनिटं या अंतरावर, तिसरं काही नाही आमच्याकडं.

आणि हे अंतर एकट्या माझं नाही. साडी घेतली की लगेच फॉल-बीडिंग लागतं. मागच्या बोळात बायका घरात बसून ते काम करतात, पाहुणे जेवून येईपर्यंत पाच-सहा साड्या तयार. पलीकडं मॅचिंग ब्लाऊजपीसवाला, वरच्या मजल्यावर टेलर, कोपऱ्यावर पिको करणारा. खणाच्या ओटीला नारळ लागतो तो समोरचा विकतो. एक बस्ता आला की एवढी माणसं त्या दिवशी कमावतात. माझ्याकडं निदान शॉप ॲक्टचा कागद आहे, जीएसटी नंबर आहे. त्या फॉल लावणाऱ्या ताईंकडं सुई-दोरा सोडून काय आहे? त्या तुमच्या कुठल्या सर्व्हेत येणार?

कायदा मी वाचलाय साहेब, वकील मित्राकडून समजून घेतलाय. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जागेचा मालक नाही, संपादनाच्या आधी तीन वर्षं तिथं काम करून पोट भरणारा भाडेकरू, कारागीर पण त्यात येतो. वाचून बरं वाटलं. पुढं दुसऱ्या परिशिष्टात बघितलं तर छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी मदत किमान २५,००० रुपये. मालकाला बाजारभाव आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, ती मिळालीच पाहिजे, त्यांचा हक्क आहे. पण २५,००० मध्ये मी काय करू, माझी नुसती काचेची कपाटं हलवून परत बसवायची म्हटली तरी ते पुरत नाहीत. आणि मालकाशी बोलून थेट खरेदीनं जागा घेतली तर मग आमचं नाव कुठल्या कागदावर येणार, हा प्रश्न मी दोन ठिकाणी विचारला, दोन्हीकडं सांगितलं नंतर बघू.

नंतर बघू आमच्या धंद्यात चालत नाही. कापडाला तारीख नसते पण फॅशन असते. यंदाचा रंग पुढच्या वर्षी कुणी हातात धरत नाही, तो डेड स्टॉक. इचलकरंजीच्या छोट्या कारखानदाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवायचं, मार्चअखेर थकलं तर तो खर्च इन्कम टॅक्सला त्या वर्षी धरत नाहीत, १ एप्रिल २०२४ पासून हा नियम आहे. नियम चांगलाच आहे, त्या यंत्रमागवाल्याचं पण घर चालायला हवं, पण दुकान सहा महिने बंद राहिलं तर ते बिल मी कशातून देऊ? शिवाय माझ्याकडं चार सेल्समन आहेत, त्यातले एक वडिलांच्या काळापासूनचे, घडी मोडलेली साडी डोळे मिटून परत तशीच घालतात. त्यांना घरी बसा म्हणून सांगायला माझं तोंड उघडणार नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे. मोजणी कराल तेव्हा भाडेकरूची, त्याच्या मालाची, कामगारांची आणि आजूबाजूच्या फॉल-पिकोवाल्यांची पण नोंद करा. आधी पर्यायी गाळे बांधा आणि ते भाविकांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरच बांधा, दोन-तीन किलोमीटरवरच्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर नको, तिथं प्रसादाची पुडी घेऊन कोण चढणार? गाळ्याची चावी हातात पडल्यावर जुनं शटर आम्ही स्वतः उतरवतो. आणि हलवायचंच असेल तर आषाढ-श्रावणात हलवा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई चालू होते ती उन्हाळा संपेपर्यंत, त्याच्या आधी नवरात्र-दिवाळी, आम्हाला मोकळे असे तेवढेच दोन महिने. पाऊस असतो, कापड भिजायची भीती असते, पण ताडपत्रीचं आम्ही बघतो, सीझन बुडाला तर तो मात्र परत येत नाही.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती व्यापाऱ्याला जागा देऊन वसवली, गुळाची एवढी मोठी बाजारपेठ त्यातूनच उभी राहिली. याच गावात हे झालंय, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा ठेवतोय. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी किरणोत्सवाला मावळतीची किरणं आमच्याच रस्त्यावरून आत देवीच्या पायाशी जातात, त्या वेळी आम्ही सगळे शटरबाहेर हात जोडून उभे असतो. देवीची वाट मोकळी करायला आमच्यातला एकजण पण नाही म्हणणार नाही.

एकदा येऊन बसा साहेब आमच्या गादीवर, अधिकाऱ्यांना पण घेऊन या. साडेदहाला शटर वर जातं. आणि तेवढी सवड नसेल तर निदान एका गोष्टीचं लेखी उत्तर द्या. दिवाळीचा माल सुरतेला जूनमध्ये सांगावा लागतो, ॲडव्हान्स भरावा लागतो. या जूनला मी तो सांगू की नको?

आपला,
महाद्वार रोडवरचा एक कापड दुकानदार, कोल्हापूर