बारा लाख करमुक्त, पण बागाईतदार नोकरदाराचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून सगळ्यांना पाठ झाले आहे. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख, हेही लोक चटकन सांगतात. आपल्या जिल्ह्यात मात्र नाशकात नोकरी आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग किंवा कांद्याचे रान अशी घरे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बाबतीत हे वाक्य अर्धेच खरे आहे.

शेतीचे उत्पन्न करमुक्त, यात वाद नाही. पण ते ५ हजारांवर असेल आणि इतर उत्पन्न मूळ मर्यादेच्या, म्हणजे नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ४ लाखांच्या, पुढे असेल तर कर काढताना शेतीची रक्कम आधी जमेस धरतात. एखाद्या प्राध्यापकाचा पगार पावणेबारा लाख घ्या. वजावटीनंतर राहिले ११ लाख. बागेतून खर्च जाऊन ३ लाख सुटले. आता १४ लाखांवरचा कर होतो ९० हजार. त्यातून शेतीचे ३ आणि मूळ मर्यादेचे ४ अशा ७ लाखांवरचे १५ हजार वजा करायचे. उरले ७५ हजार. ज्या सुटीमुळे १२ लाखांपर्यंतचा कर शून्य होतो, ती कलम ८७ए ची सूट ६० हजारांच्या पुढे जात नाही. म्हणजे १५ हजार आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १५,६०० रुपये भरावे लागतात. बाग नसती तर याच पगारावर शून्य!

कॉलेजच्या लेखा विभागाला बागेचा पत्ता नसतो, त्यामुळे टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापला जात नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो, नाहीतर व्याज लागते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना तेवढी आगाऊ कराची माफी आहे.

विवरणपत्राच्या (आयटीआर) फॉर्मचेही तसेच. शेतीचे उत्पन्न ५ हजारांवर गेले की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. ते ५ लाखांवर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हे सगळे त्यात विचारतात. म्हणून बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या, औषध-खतांची बिले आणि छाटणी-डिपिंगच्या मजुरीची वही सांभाळावी. हिशेबात धरायचे ते निव्वळ उत्पन्न, पट्टीवरचा आकडा नव्हे. दूध आणि कोंबड्यांचे पैसे मात्र कायद्याने शेतीत बसत नाहीत. गोठा कितीही बांधाला लागून असो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्याच कायद्याने भरायचे आहे. या दोन फॉर्मची मुदत ३१ जुलै. जुनी प्रणाली ज्यांना परवडते त्यांनी तर ही तारीख चुकवूच नये, कारण उशिरा भरणाऱ्याला ती निवडता येत नाही.

आयकर खात्याच्या जाहिरातींत शेतीच्या या जोडहिशेबाची एक ओळ तरी असावी. तोवर आपल्या दैनिकाने असे एखादे उदाहरण जुलैच्या आधी चौकटीत छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड